लहान बी, मोठा बी



गेल्या आठवड्यात नातवाचा पुण्याहून फोन आला. "आजोबा, शंभरचा प्लॅन घेतला आणि डाउनलोडला बाराच दाखवतंय. तक्रारच करतो." म्हटलं, थांब रे बाबा, आधी मी एक लेख लिहितो, तो वाच. म्हणून हा लेख. खरं तर हा बरीच वर्षं लिहायचा टाळला होता.

गोष्ट २००६ ची. वरठीत आमच्या घरी ब्रॉडबँड आलं. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या केलेली होती, आणि आमचा प्लॅनही २५६ चाच. पण फाइल उतरवायला लागलो की खिडकीत आकडा दिसे ३०, फार तर ३१. बत्तीसला काही टेकायचा नाही. मी बी.ए., इतिहास-मराठीवाला. पण बत्तीस आठे दोनशे छप्पन हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नाही. म्हणजे रुपयाला दोन आणे देतात की हे! फुलस्केप कागदावर त्रैराशिक मांडून मी तक्रार लिहिली आणि जोडणी करून गेलेल्या मुलाचं नावही त्यात घातलं. तो माझाच विद्यार्थी. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला, हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी तो घरी आला. चिडला नव्हता, तेच जास्त लागलं. चहा घेतला आणि म्हणाला, "सर, आमचा बी लहान हाय, तुमच्या खिडकीतला बी मोठा हाय." लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. २५६ भागिले आठ, बत्तीस. खिडकी त्यातही हजाराऐवजी १०२४ चा हिशोब धरते, म्हणून एकतीस. लाइन पूर्ण वेगाने चालली होती. चूक माझ्या त्रैराशिकात होती.

आता इतिहासाच्या मास्तराला प्रश्न पडणारच, की एकाच मालाला ही दोन मापं आली कुठून?

तारेच्या लोकांकडे एकच तार. त्यातून ठोके एकामागून एक जाणार, म्हणून मोजायचे ते ठोके. फ्रान्समध्ये एमिल बोदो नावाच्या तारयंत्रज्ञाने १८७४ मध्ये पाच ठोक्यांचं एक अक्षर अशी पद्धत पेटंट केली. 'बॉड' हे माप त्याच्याच नावाचं. टेलिफोनवाल्यांनी तीच रीत पुढे चालवली. बोलण्याचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा टिपायचा, दर टिपणाला ८ बिट, झाले ६४,०००. अशा ३२ वाटा एकत्र बांधल्या की २,०४८ किलोबिटची 'ई-वन' लाइन. त्यातल्या ३० बोलण्यासाठी, उरलेल्या दोन व्यवस्थेसाठी. युरोपसारखीच आपल्याकडे हीच वापरतात. अमेरिकेत २४ वाटांची 'टी-वन', १,५४४ किलोबिटची.

संगणकवाल्यांना मात्र साठवण महत्त्वाची, आणि साठवायचं ते अक्षर. 'बाइट' हा शब्द आयबीएमच्या वर्नर बुखहोल्झ यांनी १९५६ मध्ये काढला. तो आठ बिटांचाच असावा हे १९६४ च्या सिस्टिम ३६० नंतर रूढ होत गेलं. गंमत म्हणजे काही डिस्काही बिटच मोजत. आपली १.४४ ची फ्लॉपी सेकंदाला ५०० किलोबिट वाचायची, कारण तिथेही बिट एकामागून एकच येत. १९८६ मध्ये 'स्कझी' प्रमाणित झाली. तिच्या केबलमध्ये माहितीच्या आठ तारा शेजारी शेजारी, म्हणजे एका दमात आख्खा बाइट. मोजणारा बाइट मोजू लागला तर त्याचं काय चुकलं? सेकंदाला ५ मेगाबाइट, म्हणजे ४० मेगाबिट. त्याला ई-वनच्या २.०४८ ने भागा, साडेएकोणीस येतात. एक डिस्क खाली करायला जवळजवळ वीस लाइनी. आमच्या धानाच्या मुलखात विसाला खंडी म्हणतात, तेव्हा खंडीभर लाइनी म्हणा.

सगळीकडे आठाने भागलं म्हणजे झालं, असंही नाही बरं का. जुन्या मोडेममध्ये अक्षराच्या मागेपुढे एकेक बिट खूण म्हणून जोडायचे, म्हणून ९,६०० बिटांत ९६०च अक्षरं. २००३ च्या सुमारास 'साटा' डिस्क आल्या, त्या पुन्हा एकामागून एक बिट पाठवणाऱ्या. तिथेही आठाचे दहा करून पाठवतात, म्हणून दीड गिगाबिटचे १५० मेगाबाइट. आणि ती १.४४ ची फ्लॉपी? १,४४० गुणिले १,०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट. मेगा म्हणजे दहा लाख धरलं तर १.४७ होतात आणि १०२४ चा वर्ग धरला तर १.४१. दोन्ही हिशोब अर्धे अर्धे घेऊन १.४४ छापलं! ५६ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने चालला असता (तो कधी चालत नसे) तरी ती पाठवायला साडेतीन मिनिटं लागली असती.

आमच्या वरठीला हा प्रकार नवा नाही. भंडारा रोड स्टेशन आमच्याच गावात. १८८० च्या दशकात इथून गेलेली नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटर गेज होती, आणि मुंबईकडून नागपूरला १८६७ मध्ये पोचलेली लाइन ब्रॉडगेज. नागपुरात माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायचा. बंगाल-नागपूर रेल्वेने ती लाइन घेऊन रुंद केली तेव्हा कुठे हमालांचे ते हेलपाटे थांबले.

असो. मी दुसरं पत्र लिहिलं. 'हिशोब माझा चुकला, मुलाचा दोष नाही' इतकंच, आणि स्वतः नेऊन दिलं. तिथल्या बाबूंनी ते वाचून पहिल्या पत्राला टाचणीने जोडलं. "गुरुजी, पहिलं परत घेता येत नाही, त्याला आवक नंबर पडलाय," म्हणाले. खुलासा त्या मुलाला द्यावाच लागला. कच्चा मसुदा त्याने मलाच दाखवायला आणला होता, शुद्धलेखन तपासायला.