निवृत्त सम्राटाचे घर

नोकरीची शेवटची दोन-चार वर्षे उरली, की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. निवृत्तीनंतर राहायचे कुठे? गावाकडे, की शहराच्या कडेला? बाहेरच्या भिंती जांभ्याच्या, की विटांच्या? आपल्या पूर्वजांनी यावर वानप्रस्थाश्रमाचा उपाय सांगितला होता. पण प्रत्यक्षात वनात जाणारे थोडेच. सतराशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न डायोक्लेशियन नावाच्या रोमन सम्राटापुढे होता.

तो जन्माने सामान्य घरातला. सैन्यात चढत चढत इ. स. २८४ मध्ये सम्राट झाला. एवढे मोठे साम्राज्य एका माणसाला आवरणार नाही, हे ओळखून त्याने चौघांत कारभार वाटला. पुढे मोठे आजारपण आले आणि १ मे ३०५ रोजी त्याने राज्य सोडले. आपण होऊन सिंहासनावरून उतरणारा हा पहिला रोमन सम्राट मानला जातो.

घरासाठी त्याने राजधानी निवडली नाही. जन्मभूमी सलोनापासून पाच-सहा किलोमीटरवर एक शांत उपसागर होता. पाठीशी डोंगर, पुढे एड्रियाटिक समुद्र, समोर बेटांचा आडोसा. गोड्या पाण्यासाठी यादरो नदीवरून कालवा आणला. आजच्या क्रोएशियातले स्प्लिट शहर ते हेच.

आता भिंतींचे पाहू. समोरच्याच ब्राच बेटावर पांढऱ्या चुनखडीच्या खाणी होत्या. दगड घट्ट, घडाईला चांगला आणि नावेतून थेट बांधकामाशी आणण्याजोगा. बाहेरच्या तटाला तो वापरला. आतल्या कमानी-घुमटांना वीट आणि हलका, सच्छिद्र दगड. कारण माथ्यावर वजन कमी हवे. मिरवण्यासाठी म्हणून इजिप्तहून ग्रॅनाइटचे खांब आणि स्फिंक्सही आणले. म्हणजे जिथे टिकाऊपणा हवा तिथे जवळचा दगड आणि जिथे दिमाख हवा तिथे दूरचा, असा हिशेब दिसतो.

वाडा सुमारे २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद. जमिनीकडे तीन दरवाजे, समुद्राकडे एक. तटाला बुरूज होते आणि उत्तरेकडच्या भागात शिपाई व नोकरचाकर राहत. समुद्राकडची भिंत खाली जवळजवळ कोरी आणि वर कमानींची लांब गॅलरी. विश्रांतीसाठी बांधलेले हे घर दिसायला मात्र किल्ल्यासारखे होते. सत्ता सोडली तरी सत्तेची भीती सुटली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

ती भीती खोटी ठरली नाही. ३०८ मध्ये जुने सहकारी त्याला पुन्हा गादीवर बसण्याचा आग्रह करू लागले. मी स्वतः लावलेली भाजी पाहिलीत तर असे म्हणणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. ती ऐकून आपण हसतो. पुढचे ऐकवत नाही. त्याची मुलगी वॅलेरिया विधवा झाली. नव्या सम्राटाशी लग्नाला तिने नकार दिला, तेव्हा त्याने तिला आईसह हद्दपार केले. बापाने विनवण्या केल्या, पण निवृत्त माणसाचे कोण ऐकतो? त्याच्या मृत्यूनंतर त्या दोघींचाही वध झाला. त्या जाड तटाच्या आत भाजी पिकली, पण मुलीला आणता आले नाही.

तट मात्र कामी आला, तो दुसऱ्यांच्या. सातव्या शतकात सलोना उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथले लोक जीव मुठीत धरून या वाड्यात शिरले आणि तिथेच राहिले. दालनांची घरे झाली, वाटांच्या गल्ल्या झाल्या. ज्याने ख्रिस्ती लोकांचा छळ केला, त्याच्याच समाधीचे त्यांनी चर्च केले. तळघरे तर त्यांच्या केरकचऱ्याने भरून गेली आणि म्हणूनच जशीच्या तशी टिकली. वरचे मूळ महाल पुष्कळसे नाहीसे झाले. पण ते कसे होते, याचा नकाशा आज या तळघरांवरूनच समजतो.

१९७९ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशात स्थान दिले. आजही त्या तटाच्या आत माणसे राहतात आणि गल्लीत कपडे वाळत घालतात. सम्राटाने जागा नेमकी हेरली होती, दगडही नेमका. आपण घर बांधताना भिंतीची चौकशी जरूर करावी. पण आपल्या हाकेला ओ देणारे किती जवळ असतील, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.