पाच पाचची गाडी

२६ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडहून सुटते. नांदेड-परभणीला गाडी मिळाली याचं वाईट वाटायचं कारणच नाही, मुंबई त्यांना आपल्यापेक्षा लांब आहे. डबे आठचे वीस झाले, तेही चांगलंच. मग जालनेकर का कुरकुरतात, असं बाहेरगावचे मित्र विचारतात. गाडी तर थांबतेच ना स्टेशनवर?

थांबते. पण केव्हा थांबते ते बघा. ३० डिसेंबर २०२३ ला ही गाडी सुरू झाली तेव्हा ती जालन्याहून पहाटे ५.०५ ला निघायची आणि ११.५५ ला सीएसएमटीला पोचायची. माणूस दुपारचा अख्खा वेळ मंत्रालयात, परळच्या टाटा हॉस्पिटलात नाहीतर मशीद बंदरच्या व्यापाऱ्याकडे काम उरकून रात्रीच्या देवगिरीने परत फिरायचा. लॉजचा खर्च नाही. नांदेडपर्यंत वाढवली तेव्हा जालन्याची वेळ झाली सकाळी ७.२० आणि मुंबईची दुपारी २.२५. मंत्रालयाच्या दारात रांग लावून पास निघेपर्यंत साडेतीन वाजतात. मग साहेब मीटिंगमध्ये. म्हणजे मुक्काम आलाच.

माझ्या मते हे दुखणं नवीन नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी रूळ पडले तेव्हापासूनचं आहे.

मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली लाइन १९०० च्या सुमारास झाली. बांधली निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वेने. नावातली 'गॅरंटी' प्रवाशाला नव्हती बरं का, ती कंपनीच्या भागधारकांना होती. त्यांच्या व्याजाची हमी निजाम सरकारने घेतली होती. खर्च वाचावा म्हणून लाइन मीटरगेज केली. मनमाडला मुंबईची ब्रॉडगेज, आपली मीटरगेज. त्यामुळे जालन्याच्या कापसाच्या गाठी मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरायच्या, आणि माणसांनीही ट्रंक-वळकटी घेऊन गाडी बदलायची. पुढची गाडी गाठायची ती आपल्या नशिबावर.

घड्याळसुद्धा परकं होतं. तेव्हा देशभर रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. हिशेब केला तर स्टेशनातलं घड्याळ जालन्याच्या सूर्यापेक्षा साधारण सतरा मिनिटं पुढे. गावात सूर्य बघून निघालेल्या किती जणांची गाडी चुकली असेल कोण जाणे! १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण घड्याळ जालन्याच्या सूर्यापेक्षा पुढेच राहिलं.

मालक बदलत गेले. १९३० ला निजाम सरकारने रेल्वे विकत घेतली, १९५१ ला ती मध्य रेल्वेत गेली, १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि मुख्यालय पुन्हा सिकंदराबादच. रुंदीकरणासाठी मराठवाडा जनता विकास परिषद आणि गोविंदभाई श्रॉफ वर्षानुवर्षं भांडले, तेव्हा कुठे नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं आणि मनमाडची उतरंड थांबली. २००३ ला नांदेड विभाग झाला. म्हणजे निर्णयाची खुर्ची आपल्याकडे सरकली, पण ती लाइनच्या दुसऱ्या टोकाला. जालना कायम मधलं स्टेशन. वेळापत्रक बनतं ते जिथून गाडी सुटते तिथली सकाळ बघून.

म्हणून जनशताब्दी जालन्याहून सुटायला लागली तेव्हा गावाला त्याचं अप्रूप होतं. ती २०२४ मध्ये हिंगोलीला गेली, आणि पुढच्या वर्षी वंदे भारत नांदेडला.

आता नांदेडहून पहाटे पाचच्या आधी सोडा असं कुणी म्हणणार नाही, तिथल्या लोकांनी काय रात्री अडीचला उठायचं? पण एक साधा हिशेब मांडतो. पूर्वी एकच रेक दिवसात जाऊन यायचा: ११.५५ ला मुंबई, १.१० ला परत, रात्री ८.३० ला जालना. आताही परतीची वेळ १.१० चीच आहे, आणि गाडी पोचते २.२५ ला. म्हणजे तिचीच परतीची गाडी तिच्या आधी निघून गेलेली असते! याचा अर्थ किमान दोन रेक लागतात, आणि दुपारी पोचलेल्या रेकला परत निघायला दुसऱ्या दिवशीचे १.१० वाजतात. देखभालीला वेळ लागतो हे मान्य. घाटात आणि मुंबईच्या लोकलच्या गर्दीत वाट मिळणं मध्य रेल्वेच्या हातात आहे, हेही मान्य. पण एक दुपारी १.१० ला सुटणाऱ्या आणि २.२५ ला पोचणाऱ्या गाडीचा जाण्या-येण्याचा मेळ कुणी घातला, हे विचारायला काय हरकत आहे?

उत्तर बहुधा 'सिंगल लाइन' असं येईल. ते खोटं नाही. संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती ३१ जुलै २०२५ ला, गाडी वाढवायच्या महिनाभर आधी. रूळ पडायला वर्षं जातील. पण जालन्याहून पहाटे सुटणारी एखादी साधी इंटरसिटी मागायला दुहेरी रुळांची वाट कशाला बघायची? आपल्या लोकप्रतिनिधींनी वाढीव गाडीला हिरवा झेंडा दाखवतानाचे फोटो टाकलेत, त्याखाली हा प्रश्न विचारा.

तोवर सोमवारी सकाळी टाटाला पेशंट दाखवायचा असेल तर रविवारी रात्री देवगिरीच धरावी लागते, वंदे भारत यायच्या आधी धरत होतो तशीच.