पटकीचे विष आणि पेशीचे आवरण

तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांचे नाव तुम्ही सरस्वती महाल ग्रंथालयामुळे ऐकले असेल. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. त्यांच्याच कारकिर्दीत, १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली पटकीची (कॉलऱ्याची) साथ १८१८ मध्ये मद्रास इलाख्यात पोहोचली. धडधाकट माणूस जुलाबांनी काही तासांत दगावे. अंगातले एवढे पाणी आतड्यात येते कसे, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू ओळखला. पण एक कोडे उरले. हा जंतू आतड्याच्या पेशींत शिरत नाही, रक्तातही जात नाही. मग तो माणूस मारतो कसा? कॉख यांना विषाची शंका होती. पुरावा मिळायला ७५ वर्षे लागली.

१९५९ मध्ये कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेला द्रव टोचला. तुकडा पाण्याने फुगला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जंतूंपासून केलेला, पण जिवंत जंतू नसलेला अर्क सशाच्या पिलांना पाजला. त्यांना जुलाब झाले. म्हणजे जंतू हजर नसला तरी त्याने तयार केलेला पदार्थ पुरतो.

हा पदार्थ म्हणजे एक प्रथिन. त्याचे दोन भाग लक्षात ठेवा. ‘ब’ भागाच्या पाच साखळ्या पेशीच्या आवरणावरील जीएम-१ या मेदशर्करेला चिकटतात. मग ‘अ’ भाग पेशीच्या आत पोहोचतो आणि आवरणाच्या आतल्या बाजूचे एक संदेशवाहक प्रथिन कायमचे ‘चालू’ करून ठेवतो. पंपाचे बटण दाबलेलेच अडकून राहावे, तसे हे होते. पेशीत सायक्लिक एएमपी वाढते, आवरणातील क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या राहतात, क्षार बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. आवरण कोठेही फाटत नाही.

हेच महत्त्वाचे आहे. पेशी शाबूत असल्यामुळे सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारे आवरणातील दुसरे प्रथिन काम करीतच राहते. मीठ-साखरेचे पाणी पाजले की त्या वाटेने पाणी शरीरात परत येते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी हाच उपाय केला, आणि त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले.

परीक्षेत या विषाची आकृती काढाल, तेव्हा शेजारी सोडियम-ग्लुकोजचे प्रथिनही काढा. रोग आणि उपाय, दोन्ही त्याच आवरणात आहेत.