पगारी प्रवासी : इब्न बतूताच्या पोटापाण्याची गोष्ट

इब्न बतूताने आयुष्यात किती अंतर कापले, याचे हिशेब अनेकांनी मांडले आहेत. त्या मानाने एक साधा प्रश्न फारसा विचारला जात नाही. या भ्रमंतीचा खर्च कोण करत होते? तो व्यापारी नव्हता आणि राजपुत्रही नव्हता. परदेशात काम करत जग पाहू इच्छिणाऱ्यांना आज ज्या गोष्टी छळतात, म्हणजे प्रवेशाचा परवाना, नोकरीचा करार, डोक्यावरचे कर्ज आणि परतीची मुभा, त्या सगळ्या चौदाव्या शतकातील या मोरोक्कन माणसाच्या वाट्याला आल्या होत्या. त्याच्या प्रवासवृत्तात त्या विखुरलेल्या सापडतात. एकत्र वाचल्या, तर पाहिलेल्या देशांपेक्षा केलेल्या नोकऱ्यांची ही कहाणी अधिक बोलकी वाटते.

१३०४ मध्ये तांजिर येथे काझींच्या घराण्यात त्याचा जन्म झाला. जून १३२५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हज यात्रेसाठी एकटाच बाहेर पडला. ट्युनिसला पोहोचेपर्यंत तो आजारी आणि घरच्या आठवणीने व्याकूळ झालेला होता. तेथून निघालेल्या यात्रेकरूंच्या तांड्याने मात्र त्यालाच आपला काझी नेमले. परमुलखातील ही त्याची पहिली नेमणूक.

त्याच्या सगळ्या प्रवासाची किल्ली या नेमणुकीत आहे. व्यापाऱ्याला माल वाहावा लागतो, कारागिराला हत्यारे. काझीची पुंजी त्याच्या डोक्यात असते. मोरोक्कोत शिकलेला कायदा आणि तेथे पाठ केलेली अरबी कैरोत, दिल्लीत, अगदी मालदीवच्या बेटांवरही चालत असे. पंथभेद होते, पण धंदा एकच होता. शिवाय वाटेवरच्या मदरशांत, मठांत आणि धर्मशाळांत विद्वान पाहुण्याला अन्न आणि निवारा मिळे. त्याचा खर्च वक्फाच्या उत्पन्नातून चाले. नाव आणि शिक्षण सांगता आले की दार उघडे.

अर्थात शिक्षण सांगताना हात थोडा सैल सोडण्याची प्रथा तेव्हाही होती. १३२६ मध्ये दमास्कसच्या मुक्कामात अनेक नामवंत गुरूंकडून अध्यापनाचे परवाने मिळाल्याचे तो नोंदवतो. काही आठवड्यांच्या त्या मुक्कामात एवढे अध्ययन होणे अवघड, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

काही वर्षे मक्केत आणि पुढे आशियातील अनेक दरबारांत काढल्यानंतर त्याच्या कानी दिल्लीची कीर्ती आली. महंमद तुघलकाचा स्थानिक अमीर-उमरावांवर विश्वास नव्हता. ज्यांचे येथे घराणे नाही, जमीन नाही, नातेगोते नाही, असे परदेशी विद्वान आणि अधिकारी त्याला हवे होते. अशा लोकांचे सारे अस्तित्व सुलतानाच्या मर्जीवर उभे राहणार, हा हिशेब त्यामागे होता. परदेशीयांना 'अजीज' म्हणजे प्रिय म्हणून संबोधावे, असा त्याचा हुकूमच होता.

इब्न बतूताच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे तो सप्टेंबर १३३३ मध्ये सिंधू नदीवर पोहोचला. कोण आला, कसा दिसतो, बरोबर किती माणसे आणि जनावरे आहेत, याची खबर डाकेने दिल्लीला गेली. सिंधहून दिल्लीचा प्रवास पन्नास दिवसांचा असला, तरी खबर पाच दिवसांत पोहोचते, असे तो कौतुकाने सांगतो. मुलतानला मात्र सगळ्यांना थांबवण्यात आले. कायम राहण्यासाठी आलेल्यालाच पुढे सोडण्याचा नियम होता. काझी आणि साक्षीदार बोलावून तसा लेखी करार करून घेतला गेला. बरोबरच्या काहींनी सही करण्यास नकार दिला. ज्याला जग फिरायचे होते, त्या इब्न बतूताने सही केली.

दुसरी अट अलिखित होती. सुलतानासमोर रिकाम्या हाताने जाता येत नसे, आणि सुलतान प्रत्येक भेटीची परतफेड कित्येक पटींनी करत असे. या रिवाजावर सिंध आणि हिंदुस्थानातील व्यापाऱ्यांनी एक अख्खा धंदा उभा केला होता. नव्या पाहुण्याला हजारो दिनार उधार द्यायचे, घोडे-उंट-नजराण्याचा बंदोबस्त करायचा, आणि दरबारातून बक्षिसी आली की नफ्यासह वसुली. इब्न बतूतानेही तिक्रीतच्या एका व्यापाऱ्याकडून सुमारे तीस घोडे आणि बाणांनी लादलेला एक उंट घेतला. नोकरी लागण्याआधीच तो कर्जदार झाला होता. परदेशी पाठवणाऱ्या दलालांचे कर्ज फेडण्यात ज्यांची पहिली काही वर्षे जातात, त्यांना हा व्यवहार अनोळखी वाटू नये.

दिल्लीत त्याला काझीपद मिळाले आणि वर्षाला बारा हजार दिनारांचे वेतन ठरले. आपण मालिकी पंथाचे, येथील लोक हनफी, आणि येथील भाषाही आपल्याला येत नाही, अशी अडचण त्याने मांडली. त्यावर सुलतानाने दोन सहायक दिले. काम ते करतील, सह्या याने करायच्या. बिनकामाचे पद आणि भरघोस पगार! पण खर्च त्याहून भरघोस होता. लवकरच देणे पंचावन्न हजार दिनारांवर गेले आणि सावकारांचा तगादा सुरू झाला. त्याने सुलतानाच्या स्तुतीपर अरबी काव्य रचून कर्जाची आठवण करून दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा सावकारांनाच एक युक्ती सुचवली. राजवाड्याच्या दारात ऋणकोला गाठून सुलतानाच्या नावाची दुहाई द्यायची. मग देणे चुकते केल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नसे. जुन्या मराठी कागदपत्रांतील 'दुराही' याच जातकुळीतली. सावकारांनी ठरल्याप्रमाणे त्याला अडवले, बातमी आत गेली आणि सुलतानाने कर्ज फेडण्याचा हुकूम दिला.

हा प्रसंग नेहमी गमतीने सांगितला जातो. पैसा कोठून येत होता, हे त्यात मागे पडते. आरंभी त्याला दिल्लीजवळच्या अडीच गावांचे उत्पन्न तोडून दिले होते. गंगा-यमुनेच्या दोआबात वाढीव साऱ्याने आणि त्यावरून झालेल्या बंडांनी शेतकरी उद्ध्वस्त झाला, तो याच राजवटीत. पुढे पाऊस हटला आणि दिल्ली परिसरात भीषण दुष्काळ पडला. इब्न बतूताने त्या काळात अन्नदान केले, हेही खरे. पण ज्या गावांच्या साऱ्यावर त्याचा प्रवास चालला, त्या गावांतील माणसांविषयी त्याच्या ग्रंथात जवळजवळ काही नाही. त्याच्या सेवेत गुलाम होते, दासी होत्या; त्यांनीही मैलोगणती प्रवास केला, आपल्या मर्जीविरुद्ध आणि बिनपगारी.

कराराचा खरा अर्थ त्याला पुढे कळला. शेख शिहाबुद्दीन नावाच्या एका साधूने सुलतानाची चाकरी नाकारली आणि दिल्लीबाहेर जमिनीखाली घर खोदून तो राहू लागला. इब्न बतूता कुतूहलाने त्याला भेटून आला. शेखला पकडल्यावर त्याला भेटणाऱ्यांची यादी निघाली, तीत याचे नाव होते. चार पहारेकरी बसले. अशा पहाऱ्यातून सहसा कोणी वाचत नसे, असे तो स्वतःच लिहितो. पाच दिवस त्याने उपवास आणि कुराणपठण केले. शेख मारला गेला; हा सुटला. मग नोकरी सोडून, जवळचे सारे वाटून टाकून, त्याने एका गुहावासी सत्पुरुषाच्या पायाशी काही महिने फकिरी पत्करली. त्याला आता दिल्ली सोडायची होती, पण मुलतानची सही आडवी येत होती. अखेर सुलतानानेच तोडगा काढला. याला प्रवासाची हौस आहे, तर चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून यालाच पाठवावे. म्हणजे दिल्लीबाहेर पडण्याची वाटही नोकरीतूनच गेली.

१३४१-४२च्या सुमारास निघालेला हा लवाजमा देवगिरीवरून गेला. दौलताबादच्या किल्ल्यातील अंधारकोठडीत मांजराहून मोठे उंदीर आहेत, हे त्याने त्या कोठडीतून जिवंत सुटलेल्या एका अफगाण सरदाराच्या तोंडून ऐकले. येथील द्राक्षे, डाळिंबे, गाणाऱ्यांचा बाजार, जवाहिऱ्यांची श्रीमंती, सारे त्याने टिपले. नंदुरबारला त्याला मराठे कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी भेटले. तेथील प्रतिष्ठित लोक भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी स्नान करतात, मद्य पीत नाहीत, असे तो सांगतो. चौदाव्या शतकातील खानदेशचे असे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन विरळाच. त्यासाठी तरी त्या वकिलातीचे आभार मानले पाहिजेत.

कालिकतला वकिलात बुडाली, शब्दशः. शुक्रवारच्या नमाजासाठी इब्न बतूता किनाऱ्यावर थांबला होता. वादळात नजराण्याचे मोठे जहाज फुटले. त्याचे सामान आणि दासी असलेले छोटे जहाज त्याला सोडून निघून गेले. त्यातील एक दासी त्याच्यापासून गरोदर होती, ती वारल्याचे त्याला पुढे समजले. हाती दहा दिनार आणि अंथरायची एक सतरंजी उरली. दिल्लीला परतावे तर सुलतान विचारणार, नजराणा सोडून तू किनाऱ्यावर काय करत होतास? तो परतला नाही. होनावरच्या सुलतानाबरोबर संदापूरच्या, म्हणजे गोव्याच्या स्वारीत सामील होऊन त्याने काही काळ काढला आणि मग मालदीव गाठले.

आता तो शहाणा झाला होता. आपण काझी आहोत हे लपवावे, नाहीतर हे लोक अडकवून ठेवतील, अशी त्याला धास्ती वाटली. ती खरी ठरली. ओळख फुटली, काझीपद गळ्यात पडले, तेथील बड्या घराण्यांशी सोयरीक झाली. निघण्याची परवानगी मागताच दरबारातून निरोप आला, आम्ही दिलेले सोने परत कर आणि खुशाल जा. सोने विकून त्याने कवड्या घेतल्या होत्या, कारण मालदीवच्या कवड्या बंगालमध्ये चलन म्हणून खपत. तो म्हणाला, कवड्या घ्या. उत्तर आले, आम्ही सोने दिले होते, कवड्या नव्हेत. त्याने कवड्या विकायला काढल्या, तर त्या कोणी घेऊ नयेत अशी व्यापाऱ्यांना आतून ताकीद गेली. प्रवाशाला थांबवून ठेवण्याचा याहून सभ्य मार्ग दिल्लीच्या सुलतानालाही सुचला नव्हता. अखेर वजिराशी बिनसल्यावर १३४४ मध्ये बायकांना तलाक देऊन तो बेटांवरून बाहेर पडला.

त्याच्या ग्रंथात आणखी एक प्रवासी डोकावतो, सबतचा अल-बुशरी. हाही मोरोक्कोच्या बाजूचा, तरुण आणि हुशार. मामाबरोबर दिल्लीला आला होता. इब्न बतूतानेच त्याचे नाव सुलतानाच्या कानी घातले. सुलतानाने तीन हजार दिनार देऊन त्याला राहण्याचा आग्रह केला. अल-बुशरीने पैसे घेतले, आग्रह नाकारला आणि चीनची वाट धरली. पुढे चीनमध्ये तो श्रीमंत झालेला भेटला, असे इब्न बतूता सांगतो. त्याच्या चीनवर्णनाविषयी अभ्यासकांना शंका आहेत. तरीही सही न करता निघून गेलेल्या या माणसाची आठवण त्याला ठेवावीशी वाटली, एवढे निश्चित. सहारा ओलांडण्यापूर्वी सिजिलमासा येथे त्याच अल-बुशरीच्या भावाकडे तो उतरला, तेव्हा दोन भावांमधील अंतर पाहून तो चकित झाला होता.

१३४९ मध्ये तो फेजला परतला. पुढे सुलतान अबू इनानच्या आज्ञेवरून इब्न जुजयने त्याचा वृत्तांत लिहून काढला. १३५५च्या अखेरीस ते काम संपले. समुद्रावरील लुटारूंनी नेसत्या कपड्यानिशी सोडले, तेव्हा काही टिपणेही गेली होती. त्यामुळे बरेचसे स्मरणातूनच आले. दिल्लीच्या सुलतानाची दाने, त्याच्या स्वारीत यंत्रांनी उधळली जाणारी नाणी, हे ऐकून फेजच्या दरबारात लोक त्याला खोटारडा म्हणू लागले. ही हकिकत इब्न खल्दूनने नोंदवली आहे. त्यालाही खात्री वाटत नव्हती. त्याने आपली शंका वजिराजवळ बोलून दाखवली, तेव्हा वजिराने त्याला एक गोष्ट सांगितली. एका वजिराचा मुलगा बापाबरोबर तुरुंगातच वाढला. ताटात येणारे मांस कशाचे, असे त्याने विचारले. बापाने मेंढी म्हणजे काय ते पुष्कळ वर्णन करून सांगितले. मुलगा ऐकून घेई आणि पुन्हा विचारी, म्हणजे उंदरासारखी का?