वेस्लीचे ‘वर्ग’ व दैनंदिन पावित्र्याची साधना

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडून काढल्यावर इंग्लंडमध्ये पावित्र्य साधावयाचे ते संसारात राहूनच, अशी स्थिती झाली. जेरेमी टेलर याचा पवित्र जीवनावरील ग्रंथ (१६५०) अशाच गृहस्थ वाचकासाठी होता. १७२५ मध्ये तो तरुण जॉन वेस्लीच्या हाती पडला आणि त्याच वर्षी त्याने रोजनिशी ठेवण्यास प्रारंभ केला. ऑक्सफर्डमध्ये ही रोजनिशी सांकेतिक लिपीत, तासातासाचा हिशेब देणारी झाली. आत्मपरीक्षणाचा हा मार्ग उघडच विद्वानाचा होता. त्यास फावला वेळ हवा, एकांत हवा, निदान लिहिता तरी यावयास हवे.

१७३९ पासून वेस्ली किंग्जवुडच्या कोळसा-खाणकामगारांपुढे उघड्यावर प्रवचने करू लागला. या श्रोत्यांनी रोजनिशी कशी लिहावी? प्रश्न सुटला तो मात्र निराळ्याच वाटेने. ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडावयाचे होते. १७४२ च्या फेब्रुवारीत असे सुचविण्यात आले की, प्रत्येक सभासदाने आठवड्यास एक पेनी द्यावी. पुष्कळांना तेवढेही देणे अशक्य, असा आक्षेप निघताच फॉय नावाचा कप्तान म्हणाला की, अकरा अतिगरीब माझ्याकडे सोपवा. त्यांस जे देता येणार नाही ते मी भरीन. वर्गणीसाठी घरोघर फिरणाऱ्यांस कोणाचे वर्तन कसे आहे हेही दिसू लागले. पुढे गृहभेटी अडचणीच्या ठरल्या, कारण अनेक सभासद घरगडी वा मोलकरणी होते व धनी-धनिणींना असे येणे-जाणे मान्य नव्हते. म्हणून साऱ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र जमावे असे ठरले. मेथडिस्ट ‘वर्गा’चा उगम हा असा आहे. तत्त्वज्ञानापेक्षा जमाखर्चाचाच त्यात वाटा मोठा, असे म्हणावयास हरकत नाही.

१७४३ च्या सामान्य नियमांत पावित्र्य थेट दुकानात शिरते. जकात चुकविलेला माल घेऊ नये, खरेदी-विक्रीत घासाघीस करू नये, फेडीचा संभव नसता कर्ज काढू नये. दर तिमाहीस प्रवेशपत्रिका नवी मिळे. न मिळाल्यास सभासदत्व संपले.

या व्यवस्थेत आपुलकी किती व पाळत किती, हा वादाचा विषय आहे. ई. पी. थॉम्पसन यांनी आपल्या १९६३ च्या ग्रंथात मेथडिझमने कामगारास कारखान्याच्या शिस्तीस जुंपले असे प्रतिपादन केले. त्यांचा रोख मुख्यतः १७९० नंतरच्या काळावर आहे, हे मान्य. तथापि आरंभीच्या काळास ते सूत्र लावणे अवघड आहे. मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसल येथून काढून टाकलेल्या ६४ जणांची कारणे वेस्लीने नोंदविली आहेत. दारूबाजीसाठी १७, पत्नीस मारहाण केल्याबद्दल १, आळसाबद्दल अवघा १. श्रमशिस्त हाच हेतू असता तर हा आकडा एवढा लहान राहता ना. परंतु त्याच यादीत सर्वांत मोठा आकडा २९ चा आहे, आणि त्यापुढील कारण आहे थिल्लरपणा व बेपर्वाई. चोरटी दारू किंवा मारहाण सिद्ध करता येते. थिल्लरपणा कोणत्या मापाने मोजावयाचा? तो निर्णय शेवटी माणसांच्या नजरेवरच अवलंबून होता, आणि रोजनिशीच्या सांकेतिक लिपीआड स्वतः वेस्लीस जो आडोसा लाभला होता, तो या २९ जणांस लाभला नाही.