चुनुक बायर: तार जोडलेली होती

६ ऑगस्ट १९१५, रात्र. पहिले महायुद्ध चालू होते. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावरून न्यूझीलंडची पायदळ ब्रिगेड अंधारात घळींमधून वर निघाली. उजाडण्यापूर्वी सुमारे २६० मीटर उंचीचा चुनुक बायरचा माथा घ्यायचा, असा हुकूम होता. सोबत टेलिफोनच्या तारेची रिळे वाहणारे सिग्नलर. त्यांतला एक २३ वर्षांचा कॉर्पोरल सिरिल बॅसेट, ऑकलंडच्या बँकेतला कारकून.

७ ऑगस्ट, पहाट. कँटरबरी बटालियन रस्ता चुकली. ब्रिगेडियर जॉन्स्टन माथ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर येऊन तिच्यासाठी थांबले.

सकाळी ७ च्या सुमारास. तुर्कांच्या बाजूचा जर्मन कर्नल कानेनगिसर माथ्यावर पोचला. तिथे तुर्कांचा एक तोफखाना आणि राखणीला वीसेक शिपाई. एवढेच. जॉन्स्टन अजून थांबलेलेच होते. पुढच्या तीन दिवसांतली बहुतेक माणसे या थांबण्याने गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

साडेदहाच्या पुढे. तुर्कांची कुमक आल्यावर हल्ल्याचा हुकूम सुटला. ऑकलंड बटालियन उघड्या धारेवरून धावली आणि थोड्याच वेळात सुमारे ३०० जण पडले. पुढची पाळी वेलिंग्टनची होती. तिचे प्रमुख कर्नल मेलोन यांनी दिवसाउजेडी माणसे पाठवायला साफ नकार दिला.

८ ऑगस्ट, पहाटे सव्वाचार. मेलोनची ७६० माणसे जवळजवळ विनाप्रतिकार माथ्यावर पोचली. जमीन खडकाळ, खंदक खोल खणता येईना. उजाडताच बाजूच्या उंचवट्यांवरून गोळीबार सुरू झाला.

सकाळ. माथ्याशी बोलायला तार हवी होती. बॅसेट आणि त्याचे साथीदार भर उजेडात ती अंथरत चढले. तोफगोळा पडला की तार तुटे, फोन मुका होई. मग तार हातात धरून, तुटके टोक सापडेपर्यंत सरपटत जायचे; टोके सोलायची, पिळून जोडायची आणि पुढच्या तुटीकडे निघायचे. गोळ्या बॅसेटच्या कपड्यांतून गेल्या, अंगाला एकही लागली नाही. (या कामगिरीबद्दल त्याला मिळालेल्या पदकाच्या मानपत्रात तारीख ७ छापली आहे, माथा हाती आला तो ८ ला.)

संध्याकाळी ५ च्या सुमारास. दोस्त राष्ट्रांच्याच तोफेचा किंवा युद्धनौकेचा गोळा फुटला. मेलोन ठार.

रात्री साडेदहा. बदली तुकड्या आल्या. वेलिंग्टनच्या ७६० पैकी धडधाकट उतरले सुमारे ७०.

९ ऑगस्ट. शेजारच्या टेकडीवर पोचलेल्या गुरखा पलटणीवर दोस्तांचेच गोळे पडले. तिच्या मदतीला निघालेली ब्रिगेड अंधारात भरकटली होती. रात्री चुनुक बायरवर दोन नवख्या ब्रिटिश बटालियन ठेवल्या गेल्या. दमलेल्या न्यूझीलंडरना खाली घेतले.

१० ऑगस्ट, पहाटे साडेचारच्या पुढे. तुर्की सेनानी मुस्तफा केमालने हात उंचावून इशारा केला आणि तुर्कांच्या रांगा माथ्यावरून उतरल्या. त्या दोन्ही बटालियन चिरडल्या गेल्या. चुनुक बायर गेला तो कायमचा.

गॅलिपोलीत न्यूझीलंडच्या फौजेला मिळालेले व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक एकच, बॅसेटचे. तिथे असे शेकडो क्रॉस द्यायला हवे होते, असे तो पुढे म्हणाला. मेलोनची कबर कुठे आहे, ते आजही कोणाला ठाऊक नाही.