अनुदानाच्या अटी आणि नागपुरातील लोकसेवी संस्था

दान आणि अनुदान हे शब्द व्यवहारात जवळचे वाटत असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे. दान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. अनुदान नियमाने बांधलेले असते आणि त्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो. अर्ज आला की अर्जदार कोण, त्याची पात्रता काय, त्याचे हिशेब कोण तपासणार हे प्रश्न ओघानेच येतात. या प्रश्नांची जी उत्तरे वेळोवेळी दिली गेली, त्यांवरून शहरातील गरीब वस्त्यांपर्यंत कोणती मदत पोचली आणि कोणती पोचली नाही, हे पुष्कळ अंशी ठरले. नागपूरच्या संदर्भात या प्रक्रियेचा मागोवा घेणे विशेष उद्बोधक आहे. कारण एका पद्धतीकडून दुसऱ्या पद्धतीकडे झालेले संक्रमण येथे जवळजवळ एकाच वर्षी सुरू झालेले दिसते.

तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढील वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. भोसल्यांच्या अमदानीतील धर्मादाय हा इनामे, सनदा, अन्नछत्रे आणि देवस्थानांच्या नेमणुका या रूपाने चालत असे. ज्याची वार्ता दरबारापर्यंत पोचली त्याला आश्रय मिळे. त्यात अर्जदाराच्या कारभाराची नियमित तपासणी अभिप्रेत नव्हती; राजाची मर्जी आणि पूर्वापार चालत आलेली वहिवाट याच त्याच्या मुख्य कसोट्या होत्या. ज्या १८५४ साली ही व्यवस्था कोसळली, त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघाला आणि खाजगी संस्थांना सरकारी साहाय्य देण्याचे तत्त्व हिंदुस्थानात प्रथमच व्यापक प्रमाणावर नियमबद्ध झाले.

या खलित्यातील अटी थोडक्यात पुढीलप्रमाणे होत्या : शाळेने चांगले लौकिक शिक्षण द्यावे, तिला जबाबदार असे स्थानिक व्यवस्थापन असावे, सरकारी तपासणीस तिने मान्यता द्यावी आणि विद्यार्थ्यांकडून, थोडी का होईना, फी घ्यावी. धर्मशिक्षणाच्या बाबतीत सरकारने तटस्थ राहावयाचे होते. फुकट मिळणाऱ्या शिक्षणाची किंमत राहत नाही, असा फीच्या अटीमागचा विचार होता. स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये नागपुरात शाळा सुरू केली होती. मिशनपाशी इमारत, शिक्षक, पत्रव्यवहाराची सवय आणि हिशेबाची शिस्त ही सर्व साधने असत. शहरातील सुखवस्तू नागरिकांची एखादी समितीही अशा अटी पुऱ्या करू शके. परंतु रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या वस्तीपाशी यांपैकी काहीच नव्हते, आणि तिच्या मुलांना फीची लहानशी रक्कमही जड होती. म्हणजे मदत ज्यांच्यासाठी हवी, त्यांनाच अर्जदार होणे कठीण, ही विसंगती या पद्धतीत प्रारंभापासूनच होती.

पुढे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाने अर्जदाराला कायदेशीर रूप दिले. सात किंवा अधिक व्यक्तींनी एकत्र येऊन उद्देशपत्रिका दाखल करावी आणि व्यवस्थापक मंडळाची यादी दरवर्षी सादर करावी, ही त्यातील मुख्य तरतूद. त्यानंतर १८९० मध्ये धर्मादाय देणग्यांविषयीचा अधिनियम झाला आणि अशी मालमत्ता सरकारी कोषपालाच्या नावे ठेवण्याची सोय झाली. सात जणांची अट वरवर पाहता सौम्य आहे. तथापि उद्देशपत्रिका तयार करणे, ठराव लिहिणे, याद्या वेळेवर पाठविणे यासाठी साक्षरता आणि फुरसत लागते. ही दोन्ही ज्या समाजापासून दीर्घकाळ हिरावून घेतली गेली होती, त्याच्या दृष्टीने ही अट सौम्य म्हणता येत नाही.

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि नागपुरात मजूरवस्त्या वाढू लागल्या. या कष्टकरी वर्गातूनच किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) यांचे कार्य उभे राहिले. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ ही त्यांची पत्रे. शिक्षणप्रसार हा त्यांच्या कार्याचा दुसरा भाग. जाईबाई चौधरी यांनी नागपूर-कामठी मार्गावर ओझी वाहून उदरनिर्वाह केला होता. पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. या दोन्ही उदाहरणांत सेवा करणारा आणि सेवा घेणारा एकाच समाजातील होता. गरजेचे ज्ञान अशा संस्थांपाशी सर्वांत अधिक असे, आणि अर्जासोबत जोडावयाची साधनसंपत्ती मात्र सर्वांत कमी.

मातृ सेवा संघाचा मार्ग याहून थोडा निराळा होता. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट आणि त्यांच्या सहकारी वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये सीताबर्डी भागात लहानसे प्रसूतिगृह सुरू केले. आधी काम, मग लोकांचा विश्वास आणि त्यानंतर संस्थेचा विस्तार, असा हा क्रम आहे. संघाने पुढे समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्थाही काढली. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. अनुदानाच्या नियमांना ज्या प्रकारची संस्था हवी असते, ती उभी करण्यास लोकाश्रयाची आणि वर्षानुवर्षांच्या अव्याहत कार्याची गरज असते, हे या उदाहरणावरून दिसून येते. तिसरा मार्ग कारखानदाराचा होता. एम्प्रेस मिलने मजूरवस्त्यांतील कल्याणकार्य वाय. एम. सी. ए. या संस्थेकडे सोपविले. येथे द्रव्य देणारा आणि कार्य करणारा या दोघांमध्येच करार झाला. वस्तीने स्वतः अर्ज करण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

स्वातंत्र्यानंतर या क्षेत्रात मोठा बदल झाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी कल्याणसंस्थांच्या साहाय्यासाठी चार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आणि ऑगस्ट १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. राज्यांतील सल्लागार मंडळे १९५४ पासून अस्तित्वात येऊ लागली. संस्था नोंदलेली असावी, तिची रीतसर कार्यकारिणी असावी, हिशेब तपासलेले असावेत, जातिधर्माचा भेद न करता ती सर्वांस खुली असावी आणि खर्चाचा काही वाटा तिने स्वतः उभा करावा, असे या साहाय्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. भेदभाव न करण्याची अट ही निःसंशय प्रगतीची खूण होय. परंतु स्वतःचा वाटा उभा करण्याची अट १८५४ च्या फीच्या अटीचीच वारसदार होती. संस्थेची तळमळ तिने जमविलेल्या पैशांवरून मोजावी, हा तर्क दोन्हीकडे सारखाच आहे.

नागपूरच्या संस्थांपुढे याच काळात आणखी एक अडचण उभी राहिली. नागपूर ही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि तेथील १९५१ च्या सार्वजनिक न्यास अधिनियमानुसार जिल्हाधिकारी हाच न्यासांचा निबंधक असे. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे मुंबईचा १९५० चा सार्वजनिक न्यास अधिनियम येथेही लागू झाला. या अधिनियमात दारिद्र्यनिवारण, शिक्षण आणि वैद्यकीय साहाय्य यांना धर्मादाय उद्देश मानलेले असून १८६० च्या अधिनियमाखाली नोंदलेली धर्मादाय संस्थाही न्यासाच्या व्याख्येत येते. परिणामी एकाच संस्थेला दुहेरी नोंदणी करावी लागते आणि धर्मादाय आयुक्ताच्या कार्यालयात मालमत्तेचा तपशील, विश्वस्तांतील बदल व तपासलेले हिशेब द्यावे लागतात. राजधानी मुंबईस गेल्यामुळे मंत्रालयाशी प्रत्यक्ष संपर्कही दुरावला.

अर्जाबरोबर नोंदणीपत्र, घटना, कार्यकारिणीचा ठराव, मागील वर्षांचे ताळेबंद, नियोजित खर्चाचे अंदाजपत्रक आणि जागेचा पुरावा जोडण्याची प्रथा यातूनच रूढ झाली. मंजूर रक्कम पुष्कळदा हप्त्यांनी मिळते आणि पहिल्या रकमेच्या विनियोगाचे प्रमाणपत्र दिल्यावर पुढील हप्ता सुटतो. मधल्या काळात शिक्षिकेचे वेतन आणि जागेचे भाडे थांबत नाही. ज्या संस्थेपाशी थोडीफार शिल्लक आहे तीच हा काळ निभावून नेऊ शकते.

या अटी निरर्थक होत्या असा याचा अर्थ नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. हिशेबाअभावी गरिबांच्या नावाने आलेला पैसा भलत्याच हाती जाण्याचा धोका असतो आणि त्याची झळ गरिबांनाच लागते. शिवाय नियमामुळे मर्जीचे राज्य संपले व नाकारलेल्या अर्जदारास कारण विचारण्याचा आधार मिळाला. मात्र संस्थेची क्षमता मोजण्याची साधने जितकी सूक्ष्म होत गेली, तितकी वस्तीची गरज मोजण्याची झाली नाहीत. कंपनी अधिनियम २०१३ ने ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे आवश्यक केले आणि २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थांना केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी करावी लागते. येथेही प्रथम विचारले जाते ते संस्थेच्या नोंदणीविषयी व मागील कार्याविषयी. एम्प्रेस मिलच्या काळातील संबंधाला आता कायद्याचे रूप आले आहे, एवढाच फरक.

संशोधकाच्या दृष्टीने यातून एक सावधगिरीचा इशारा मिळतो. वार्षिक अहवालांत मंजूर अनुदानांच्या याद्या छापल्या जातात. जे अर्ज नाकारले गेले त्यांची, आणि जे कधी लिहिलेच गेले नाहीत त्यांची, नोंद तेथे नसते. केवळ या याद्यांवरून शहराच्या लोकसेवेचा इतिहास लिहिला, तर तो समर्थ संस्थांचा इतिहास होईल. नागपूरच्या पुराभिलेखागारातील पत्रव्यवहार, वस्त्यांतून निघालेली नियतकालिके आणि लहान संस्थांच्या वर्गणीच्या वह्या यांचा एकत्रित अभ्यास झाल्याशिवाय उरलेली बाजू उजेडात येणार नाही.